चाळीस घरं, एक ठिपका

मंगळवार, ९ सप्टेंबर
सापडली! तमांडा – मलावीतल्या एका खेड्यातली आरोग्यसेविका. घरोघर जाऊन मुलं तपासायची आणि तिथेच आमच्या ॲपमध्ये फॉर्म भरायचा, हे तिचं काम. आणि फॉर्म कुठून भरला ते दाखवणाऱ्या नकाशावर? आठवड्याची चाळीस घरं, ठिपका एकच! बाई एका जागी बसून भेटी ठोकतेय. खोट्या भेटी पकडायचा नियम माझाच. नाव पाठवून दिलं. आमची मॅनेजर हिबा खूश – "गुड कॅच, अर्चना! फोन लॉक करो, खलास."

बुधवार, १०
आम्हीच दिलेला तिचा फोन इथूनच लॉक झाला. 

शुक्रवार, १२
नवऱ्याला, उपेंद्रला, कौतुकाने सांगत होते. मध्येच अस्मी – "ममा, डिड यू आस्क हर?"
चौदा वर्षांची पोर! "डेटा असतो गं," म्हटलं. तिने खांदे उडवले. मला राग आला – तिचा नाही, माझाच. मी स्वतः रोज इथे दुबईत, सिलिकॉन ओएसिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत एसी खात फोनवरूनच ऑफिसची हजेरी लावते. माझा फोन कुणी लॉक करत नाही!

रविवार, १४
सुट्टी. कशातच लक्ष नाही. उद्या विचारायचंच.

सोमवार, १५
तिच्या सुपरवायझरला फोन लावला. आधी हसला, मग चिडला. गावात वीज नाही. तमांडा पायी फिरते, वहीत लिहिते आणि शनिवारी बाजारात, फोन चार्ज करून देणाऱ्या दुकानात बसून सगळे फॉर्म भरते. ठिपका त्या दुकानाचा! आठवडाभर फोन बंद ठेवते, कारण एखादं मूल अत्यवस्थ झालं तर दवाखान्याची गाडी त्याच फोनवरून बोलवायची. बॅटरी त्यासाठी राखते.
आणि मी तो लॉक केला. गुरुवारी झटके आलेलं बाळ पाठीवर बांधून अकरा किलोमीटर चालली ती. बाळ वाचलं! मला रडूच फुटलं.
हिबाच्या हात धुऊन मागे लागले. "ऑडिट के बाद, इन्शाल्ला." नाही, आत्ता! चूक माझी, माझ्या नावावर लिही. साडेपाचला लॉक निघाला.

मंगळवार, १६
तमांडाचे फॉर्म आले. आज अकरा घरं, अकरा वेगवेगळे ठिपके. लॉक का लागला ते कळल्यावर प्रत्येक दारात फोन चालू केलाय तिने. माझ्या नियमात अगदी चोख.
दुपारी दोनपासून फोन बंद. बॅटरी संपली.
बाजार शनिवारी.