एकही कडी न काढता

४ मार्च, मंगळवार

मनगटामुळे काम मिळालं! मनगटामुळे! शाळेत याच मनगटापायी पेनांची निबं मोडायची आणि बोलणी खायचो. पुढे धक्क्यावर पोती उचलून ते आणखी जाड झालं. आणि आज एका माणसानं शिंप्याच्या टेपनं ते मोजलं, दोनदा मोजलं, आणि म्हणाला, "पैलवान, तू कामाचा आहेस."

माणूस म्हणजे बोका. सगळे त्याला बोकाच म्हणतात, तोंडावरसुद्धा. मिश्या नाहीत, तरी बोका. डोळे अर्धे मिटलेले, पण जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारलेच. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, तेच ऑफिस. खाली दारात डोळे तपासायचा तक्ता टांगलाय. वर जाताना मी तो वाचत बसलो. शेवटची ओळसुद्धा वाचता आली! उशीर झाला म्हणून पहिल्याच दिवशी शिव्या.

धंदा भारी घड्याळांचा. कंपनी मुद्दाम थोडीच बनवते म्हणे. शोरूमला एखाददुसरं येतं, मागणारे ढीगभर. मग यादी. आणि यादीतूनही माणूस पारखून देतात — जो स्वतः घालेल त्यालाच. घेऊन लगेच दुप्पट भावानं फिरवणारा दिसला की दार बंद. "मला तर ते दारातच ओळखतात," बोका म्हणाला. त्यात अभिमानच जास्त होता. "म्हणून तू जायचंस."

आणि मनगट? तर शोरूमवाले घड्याळ देतानाच पट्टा मापाचा करून देतात. मनगट बारीक असेल तर पट्ट्याच्या कड्या काढतात. एकदा कडी काढली की स्क्रूवर ओरखडा आलाच. मग ते घड्याळ 'कोरं' राहत नाही. हौशी लोक भिंग लावून बघतात तो ओरखडा! माझ्या हाताला अख्खा पट्टा बसतो. एकही कडी न काढता.

हसून हसून पोट दुखलं. जगात काय काय विकलं जातं!


७ मार्च, शुक्रवार

गेलो शोरूममध्ये. गेलो म्हणजे आधी बाहेर अर्धा तास काच पुसणाऱ्याला बघत उभा राहिलो. दोरीला लटकून पुसतो, आणि आपल्याच प्रतिबिंबाला वेडावून दाखवतो. ते काम मला आवडेल. एकदा विचारलं पाहिजे.

आत गालिचा इतका जाड की आपण चाललो हेच कळत नाही. काउंटरवर एक ताई. चष्म्याला साखळी, केसांत पिवळी पेन्सिल खोचलेली. तिच्यासमोर एक काका उभे होते. बेकरीवाले. कोपरापर्यंत घासून धुतलेले हात, तरी नखांच्या कडेला पीठ. ते दर आठवड्याला येतात असं दिसलं.

"ताई, आलं का आमचं?"

"नाही हो काका, अजून नाही."

"बरं. मग पोरीचं लग्न पुढे ढकलतो."

"पोरगी किती वर्षांची?"

"नऊ!"

ताई खळखळून हसली. मीही हसलो आणि तिथेच घोळ झाला, कारण हसता हसता तिनं मला विचारलं, "आणि तुम्हाला कोणासाठी हवंय?"

बोकानं पढवलं होतं — स्वतःसाठी, नवी नोकरी लागली, खूप वर्षांचं स्वप्न. पण ताईची नजर माझ्या बुटांवर गेली. डाव्याचा तळ सुटलाय. नव्या नोकरीचे बूट नव्हेत ते. तोंडातून निघून गेलं, "बाबांसाठी."

मग थांबावं ना! नाही. जीभ सुटली ती सुटलीच. बाबा आजारी आहेत, बरेच दिवस अंथरुणावर आहेत, एकदा ते निळ्या तबकडीचं घड्याळ हातात घालायचंय म्हणतात, मी पै पै साठवलीय... ताईचं लिहिणं थांबलं. बेकरीवाले काका माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मेलो.

ताईनं माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. "आता घरचाही सांगा," ती म्हणाली. खोटा नंबर सुचेना. बाबांचा खरा तेवढा तोंडपाठ. तोच सांगितला.


८ मार्च

बोका जाम खूश. "आजारी बाप! अरे, हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?"

बाबा धडधाकट आहेत. पाण्याच्या टाकीवर पंप चालवतात. शिडी अजून माझ्यापेक्षा भरभर चढतात. म्हणजे मी शेवटचं बघितलं तेव्हा चढायचे.


१९ मार्च, बुधवार

मिळालं! ताईचा सकाळीच फोन — "एकच आलंय. लगेच या."

गेलो तर बेकरीवाले काका तिथेच. ताई हळू आवाजात म्हणाली, "खरं तर यांचा नंबर होता." मी म्हटलं, नको मग, त्यांनाच द्या. अगदी मनापासून म्हटलं — निदान तेव्हा मला तसं वाटलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझं काय, मी धट्टाकट्टा आहे. तुझ्या बाबांना घाल जा. मी थांबतो. मला थांबायची सवय आहे, मी पाव भाजतो."

ताईनं पातळ हातमोजे घातले, घड्याळावरचं प्लास्टिक सोललं. नवं घड्याळ असं सोलूनच देतात. "बाबांचं माप?"

"माझ्याएवढंच मनगट आहे."

तिनं ते माझ्या हातात घातलं. खट्ट. चपखल. "एकही कडी काढायला नको," ती म्हणाली, आणि इतकी आनंदली जणू तिच्याच घरचं काहीतरी चांगलं झालं. बोकानं दिलेले पैसे मी मोजून दिले. मग तिनं वहीत घड्याळाचा नंबर लिहिला, खाली स्वतःची सही केली. म्हणाली, "आमच्याकडे घड्याळ ज्यानं दिलं त्याचं नाव राहतं. उद्या ते बाजारात दिसलं तर विचारणा मला. पण तुमचं काय, तुमची मला काळजी नाही."

बोकाकडे सरळ गेलो नाही. लांबच्या रस्त्यानं गेलो. बाही वर सारून. पुलावर उगाच थांबलो आणि एका म्हाताऱ्याला, त्यानं विचारलेलं नसताना, वेळ सांगितली. काय निळा रंग आहे तो! हात हलवला की आतून काळा होतो, पुन्हा निळा होतो. थोडा वेळ मला खरंच वाटलं की मी हे बाबांकडे घेऊन चाललोय.

बोकानं ते हातातून काढून घेतलं, भिंगातून बघितलं. "कोरं." बस, एवढंच.


२० मार्च

माझ्या वाट्याचे मिळाले. नवे बूट घेतले. चावतात.


२८ मार्च, शुक्रवार

वाईट दिवस. फार वाईट.

बोकाच्या ऑफिसात खोकी बांधत होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि आवाज आला, "घड्याळवाले साहेब इथेच का?" आवाज ओळखीचा. मी चिकटपट्टी हातात घेऊनच मोरीत शिरलो, दार ओढून घेतलं.

बेकरीवाले काका.

"थांबून थांबून विटलो साहेब. आता पोरगीसुद्धा चिडवते, बाबा तुमचं घड्याळ चंद्रावरून यायचंय का. एकदा आलं होतं, पण एका पोराचा बाप आजारी होता, त्याला दिलं. दिलं ते बरोबरच. पण पुढचं कधी येणार ते त्या ताईलाही ठाऊक नाही."

बोकानं डबा उघडल्याचा आवाज. मग काका इतक्या हळू बोलले की नळाच्या थेंबांतून जेमतेम ऐकू आलं. "हेच. अगदी हेच."

पाव पोचवायची गाडी विकलीय त्यांनी. आता सायकलवर टोपली बांधून नेणार. हसून सांगत होते! बायको म्हणते, तेवढंच पोट कमी होईल.

चिकटपट्टी माझ्या बोटांना गुंडाळली गेली होती. ती सोडवत बसलो. बाहेर जाऊन ओरडायला हवं होतं — काका, हे तुमचंच आहे, तुमच्याच नंबरचं, घेऊ नका या भावानं! मी काय केलं? चिकटपट्टी सोडवली.

"पूर्ण कड्या आहेत," बोका म्हणत होता. "हात न लावलेलं."

"ते ठीक, पण माझ्या हातात हे कोपरापर्यंत जाईल. कड्या काढाव्या लागतील."

"घ्या की काढून कुठेही."

"कुठेही कशाला? शोरूममधल्या ताईकडेच जातो. ती काढून देईल, तिलाही बरं वाटेल."

बोकाचे डोळे पूर्ण उघडले असणार. मी बघितले नाहीत, पण त्याची खुर्ची करकरली. "तिकडे नको, इथे कोपऱ्यावर माझा माणूस आहे—" पण काका जिना उतरायलाही लागले होते.

मी बाहेर आलो. म्हटलं, आता ताईचं काय होणार? तिचीच सही आहे.

"कोण ताई?" बोका म्हणाला. खरंच आठवत नव्हतं त्याला.


३० मार्च, रविवार

शोरूम बंद. तरी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. का, ते विचारू नये.


१ एप्रिल

काल आणि आज, दोन्ही दिवस गेलो. दाराच्या मुठीला हात लावला आणि परत फिरलो. काच पुसणारा वरून ओरडला, "अरे, ढकल! ओढायचं नाही, ढकलायचं दार आहे ते!" त्याला वाटलं मला दार उघडता येत नाही.

बोकाचं काम सोडलं. त्यानं विचारलंसुद्धा नाही. दुसरा जाड मनगटाचा आला असेल. वाटलं होतं, सोडलं की मोकळं वाटेल. नाही वाटत. भूक लागत नाही, आणि लागली तर पाव घशाखाली उतरत नाही.


३ एप्रिल, गुरुवार

आज दार ढकललं.

काउंटरवर केसांना जेल लावलेला एक पोरगेला गडी. ताई कुठे? त्यानं मागे बोट दाखवलं. मागच्या खोलीत, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना चिठ्ठ्या बांधत बसली होती. केसांत तीच पेन्सिल. मला बघून उठायला लागली. माझ्यासाठी उठायला लागली!

"बसा," तीच म्हणाली. मी उभाच.

"काका आले होते, कड्या काढायला. वहीत नंबर ताडला तर ते तुमचंच घड्याळ. मी त्यांना काही बोलले नाही. इतके खूश होते. कड्या काढून दिल्या, पुसून दिलं. आमच्या साहेबांना मात्र सांगावं लागलं, मीच सांगितलं. आता यादी माझ्याकडे नाही." चिठ्ठीची गाठ तिनं घट्ट ओढली. "मला वाटलं, बाबांचं काही बरंवाईट झालं असेल. औषधपाण्यासाठी विकावं लागलं असेल. म्हणून कड्या काढता काढताच इथून तुमच्या घरी फोन केला."

"कोणी उचलला?" मी विचारलं.

"बाबांनीच उचलला. विचारलं, घड्याळ मिळालं ना? म्हणाले, मिळालं, हातातच आहे, फार सुंदर आहे. अहो, आणि ते घड्याळ माझ्यासमोर टेबलावर होतं. उघडं करून ठेवलेलं." तिनं चिठ्ठी बाजूला ठेवली. "मी म्हटलं, जपा हं. दुसरं काय म्हणणार?"

मग मी सांगितलं. सगळं. बोका, मनगट, मोरी, सगळं. आणि शेवटी — बाबा आजारी नाहीत. कधीच नव्हते.

आता ती ओरडेल म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. हवंच होतं मला ते. पण तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "नाहीत कसे? मी ऐकलं ना. फार खोकत होते. बोलताना दम लागत होता त्यांना. तुम्ही शेवटचे घरी कधी गेला होता?"

मी बोटांवर महिने मोजायला लागलो.

"मला काय ते नंतर सांगा," ती म्हणाली. "आधी घरी फोन करा."

बाहेर आलो. समोरच्या फुटपाथवर बसूनच हे लिहितोय. मी तोंडानं आणलं ते दुखणं त्यांच्यावर. मीच.


३ एप्रिल, संध्याकाळ

फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला. आवाज खणखणीत, मागे पंपाची धडधड. मी ओरडलोच — बाबा, खोकला कधीपासून आहे?

"खोकला? छे रे! त्या दिवशी एका बाईंचा फोन आला, मुलानं पाठवलेलं घड्याळ मिळालं का म्हणून. मला वाटलं, तू कुठेतरी अडकलायस. म्हटलं, मिळालं. मग त्या विचारतात, आता तब्येत कशी आहे? आता मला काय माहीत, तू मला काय झालंय म्हणून सांगून ठेवलंस! म्हणून आपला जरा खोकलो."