नकाराचा कागद

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा हेवा करायचं माझं काही थांबलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायची पाळी यायची नाही.

आपण एकाच वर्षी या शाळेत लागलो. तुम्ही जूनमध्ये, मी ऑगस्टमध्ये. तेवढ्या दोन महिन्यांनी ज्येष्ठता यादीत तुमचं नाव माझ्या वर गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा यादीत पहिल्या तुम्ही, दुसरी मी आणि तिसरे गणिताचे सर. संस्थेच्या चेअरमनना सरच हवे होते, पण त्यासाठी वरच्या दोघींचा लेखी नकार लागत होता. त्यांनी मला बोलावून घेतलं. "बाई मानसाला झेपत न्हाय हो हे. सायबांच्या भेटी, मिटिंगा, पोरांच्या मारामाऱ्या. घरच्या अडचनीमुळं पद नको, एवढं लिहून द्या की." मी मुकाट्यानं दिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून तुमच्या नावाचा कागदही त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला, तुम्ही फक्त सही करायची. आणि खरं सांगते, तो लिहिताना मला बरं वाटत होतं. मला नाही तर तुम्हालाही नाही.

तुम्ही तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचलात. "अक्षर झ्याक हाय की गं तुझं," म्हणालात, "पन अडचन माझ्या घरची, आनि मलाच ठाव न्हाय?" सगळे हसले. मीही हसले. कागद घडी घालून पर्समध्ये टाकलात आणि तासावर गेलात. महिन्याभरात तुम्ही मुख्याध्यापिका झालात.

पुढं तुमच्या निवृत्तीपर्यंत मी नुसती बघत राहिले. पोराला छडी बसली म्हणून कागलकडचा एक बाप तणतणत ऑफिसात येतो. "हेडमास्तर कुठं हायत?" "मीच की. बसा पावणं, च्या घ्या आधी," तुम्ही म्हणता, आणि तो गडी गुमान बसतो. मी हजेरीपट घेऊन तिथंच उभी आहे आणि माझ्या पोटात दुखतं आहे. सहलीची एसटी गगनबावड्याच्या घाटात बंद पडली, तेव्हा वाटलं, आता सापडल्या. तुम्ही मुलींना कडेला बसवून तीन तास गाणी म्हणायला लावलीत. दुसऱ्या दिवशी पालकांनी उलट तुमचेच आभार मानले!

तुम्ही निवृत्त झालात आणि यादीत पहिली मी आले. या वेळी चेअरमन स्वतः घरी आले. "आता बाई मानूसच पायजे बगा आमास्नी. मोठ्या बाईंच्यावानी." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी नकाराचा कागद नेऊन दिला, कुणी मागितला नसताना. कारण लिहिलं, सासूबाईंचं आजारपण. सासूबाई तेव्हा घरी भाकऱ्या थापत होत्या.

खुर्चीत गणिताचे सर बसले. आलेल्या पालकांना ते दारातूनच वाटेला लावायचे, पण मोठ्या बाई अशा नव्हत्या, असं कुणी म्हणालं नाही. पुरुषाला तुमच्याशी कोण ताडून बघणार? मला बघितलं असतं, रोज, शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी. "का गं सोडलीस?" तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी सासूबाईंचंच सांगितलं. तुम्ही ते खरं धरलंत आणि त्यांच्यासाठी सफरचंदं पाठवलीत.

आता तुमच्या सुनेला तुमच्या आठवणींच्या पुस्तिकेसाठी माझ्याकडून चार ओळी हव्या आहेत. तिला काहीतरी बरं लिहून देईन, हे देणार नाही. मला ती खुर्ची हवी होती, बाई. फक्त तुमच्या आधी.