धाकट्याला दाखवलेलं लाल कार्ड

तीर्थस्वरूप ताई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा खोकला कमी झाला का? भावजींची नवी कवळी टोचते म्हणे. ती घरी कानशीनं घासू देऊ नकोस. (मी कुलपं दुरुस्त करणारा माणूस, अनुभवानं सांगतो.) आमच्याकडे सगळे ठीक, फक्त आपला धाकटा माझ्याशी बोलत नाही. तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावलेली बातमी पोचलीच असेल, म्हणून नेमकं काय ते लिहितो.

फुटबॉलमध्ये चेंडूसाठी कुणाला पाडणं तीन प्रकारचं असतं. लक्ष नव्हतं, तर निष्काळजीपणा: फ्री किक आणि विषय संपला. समोरच्याला लागेल हे दिसत असून घुसला, तर बेपर्वाई: पिवळं कार्ड. आणि त्याचा पाय मोडायची वेळ आणली, तर अतिरेकी जोर: लाल. (हे मला कुणी शिकवलं नाही. शेजारी शब्दकोश ठेवून मी नियमांचं पुस्तक चार वेळा वाचलंय. इतर पंचांना पहिल्या दोहोंतला फरक विचार, डोकं खाजवतील.)

तर रविवारी चाळिशीपुढच्यांचा सामना होता, पंच मी. एकसष्टाव्या मिनिटाला आपला धाकटा औषधांच्या दुकानवाल्याच्या पायात घसरत गेला. दुकानवाला पडला. मी लाल काढलं. दुकानवाला आपणहून उठून, चड्डी झटकत माझ्याकडे आला, "अहो, मला लागलंच नाही!" मी म्हटलं, "ते मी ठरवणार, तुम्ही नाही." मैदानात मला सर म्हणायचं असा दंडक आहे, तरी धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, मला?" बावीस वर्षांत त्याला एकही कार्ड नव्हतं गं. मी पाठ फिरवून वेळ लिहिली. आता त्याला तीन सामने बंदी. माझा निर्णय नियमाला धरूनच होता, हे तू त्याला समजावून सांग.

तुझा भाऊ

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. तो निव्वळ निष्काळजीपणा होता. पण घसरण्याआधी दहा मिनिटं तो उजवा गुडघा धरून चालत होता, आणि डॉक्टरांनी त्याला खेळू नको म्हणून बजावलंय. नियमात समोरच्याच्या पायाची काळजी आहे, पाडणाऱ्याच्या गुडघ्याची नाही. ते कलम मी मनचं घातलं.

दुसरी ता. क. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. मधल्या काळात मी संघटनेला खरं लिहून दिलं. आडदांड म्हणून त्याचं नाव वहीत राहिलेलं मला सोसेना. त्याची बंदी उठली, माझी शिट्टी महिनाभर काढून घेतली. म्हणजे या रविवारी तो खेळायला मोकळा, हीच पंचाईत. माझं तो ऐकायचा नाही. तू शनिवारपर्यंत ये आणि कान धरून त्याला डॉक्टरांकडे ने. मी रविवारी रेषेबाहेरच्या बाकावर बसणार आहे. शेजारी जागा आहे, एवढं त्याला सांग. मी सांगितलंय असं सांगू नकोस. बरं, सांगितलंस तरी चालेल.