मधोमध वाकडी शिवण

ता. ४
ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. डॉक्टरीणबाई औषधं घेऊन तुमच्याकडे निघाल्यात, म्हणून घाईत लिहिते. ह्यांची पलटण येत्या आठवड्यात तुमच्या गावात उतरतेय. तुमच्याच सरकारनं आमच्या फौजेला बोलावलंय. बंडवाल्यांना हटवलं की परत, असं हे म्हणतात. विरलेली चादर मधून फाडून, कडा मध्ये घेऊन जोडायची तुझी सवय! तसली एक पांढरी चादर सज्जावर टाक. तुझ्या हातची वाकडी शिवण ह्यांनी शिपायांना सांगून ठेवलीय. त्या घराला धक्का लागणार नाही. समोरच्या शिंपीणबाईंना मात्र यातलं काही सांगू नकोस, त्यांचा मुलगा बंडात आहे.
तुझी धाकटी

ता. ७
चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.
लहानपणी तीच शिवण पाठीला टोचते म्हणून रडायचीस, आता बरी आठवली. मेहुण्यांना विचार, दोन भावांत जुंपली म्हणून शेजाऱ्यानं भिंत फोडून आत यायचं असतं का? बोलावलं म्हणे. मला कुणी विचारलं नाही, शिंपीणबाईंनाही नाही. बंडवाल्यांनी दुसऱ्याच देशाच्या तोफा आणल्यात. त्यांनाही मी हेच तोंडावर ऐकवलं. त्या मुलावरून शिंपीणबाईंचं नि माझं रोज वाजतं, पण त्यांचं घर पडताना मी सज्जातून बघू? मग देवापुढे कुठल्या तोंडानं बसू? नुसत्या माझ्या घरावर चादर लागणार नाही.
आशीर्वाद आहेतच, राग धरू नकोस.
ताई

ता. ९
ती. ताईस,
सा. न. खूण नसलेलं घर शत्रूचं धरायचं, असा हुकूम आहे. तोफ नाती विचारत नाही. पाया पडते, चादर टाक.
धाकटी

ता. १५
चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.
चादर टाकली. गल्लीतल्या प्रत्येक घरावर टाकली. सगळ्यांनी आपापल्या आणून दिल्या. मी फाडत होते, शिंपीणबाई मशिनवर. धडधाकट चादरी फाडताना जीव तुटत होता. आधी देवाची माफी मागितली. शिंपीणबाईंची शिवण सुतासारखी सरळ येते. म्हटलं, आजच्या दिवस कौशल्य गुंडाळून ठेवा. माझ्यासारखी वाकडी मारताना त्यांचाही जीव तुटला, मग कुठे मला बरं वाटलं.
मेहुणे रणगाड्याबरोबर आले. वर बघितलं, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मला खाली बोलावून विचारलं, यातलं बंडवाल्याचं घर कोणतं. मी म्हटलं, शिवण बघा, सगळी घरं माझीच आहेत. मेहुणीवर तोफ डागायची असेल तर कुठूनही सुरुवात करा. शिपाई हसले, मेहुणे हसले नाहीत. पण रणगाडा मागे नेला. उद्या परत येईन म्हणाले. या म्हटलं, चहा देईन, घर दाखवणार नाही.
आता मागच्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या आहेत आणि चादरी संपल्या. डॉक्टरीणबाईंबरोबर तुझ्याकडच्या पाठव. मेहुण्यांच्या गादीवरची आधी काढ.
माझ्यावर माया आहे ना? मग गाठोडं मोठं बांध.
ताई