गच्चीवरच्या काचा

प्रिय ठिणगी,

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. आजवर माझी पत्रं शेजारच्या काकू लिहायच्या आणि मधेच स्वतःची गुडघेदुखी घुसडायच्या. या वेळी मधे कुणीच नको होतं. शिवणघरात आता दुपारी तासभर लिहाय-वाचायचा वर्ग असतो. शिकवणारी तुझ्याहून लहान, पण डोळे वटारले की आम्ही म्हाताऱ्या चिडीचूप. माझा ‘ळ’ अजून लोळतो, तेवढं चालवून घे.

शिवणघर तू पाहिलंस तसं राहिलं नाही गं. कपाटाची किल्ली पूर्वी मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात असायची, आता आम्हा अकरा जणींत फिरते. तू बसवलेल्या सौर काचा नऊ वर्षं नुसत्या पडून होत्या. गेल्या महिन्यात बॅटऱ्या बदलल्या, आणि आता सहा मशिनी दिवसभर चालतात. संध्याकाळी दिवेही टिकतात. काचा पुसायची पाळी कुणाची यावरून बायका भांडतात. पूर्वी सुनांवरून भांडायच्या. प्रगतीच म्हणायची!

तो पहिला दिवस आठवतो? तू स्टुलावर उभी राहून सगळं समजावत होतीस. समोर खुर्च्यांवर पुरुषमंडळी, आणि आम्ही बायका मागच्या खोलीत साठ माणसांचा चहा करत होतो. तुझा आवाज यायचा, शब्द मात्र कपबश्यांच्या खडखडाटात विरायचे. टाळ्या तेवढ्या ऐकल्या. मनात म्हटलं, पुढच्यांना कळलं ना, झालं. माहितीचं पुस्तक अध्यक्षांनी कपाटात ठेवलं, ते तिथंच राहिलं.

मग दिवे तासाभरात मान टाकायला लागले. लोक म्हणाले, पोरीनं डबडं आणून बसवलं. तू दोनदा आलीस, दिवसदिवस गच्चीवर वायरी तपासल्यास. शिडी मी धरली होती. काही सापडेना. निघताना चपला घालता घालता म्हणालीस, आई, माझंच गणित चुकलं. त्यानंतर ते काम सोडलंस ते सोडलंसच. आता कुठल्याशा ऑफिसात फॉर्म तपासतेस. फोनवर ‘जेवलीस का’ विचारून ठेवून देतेस. लहानपणी घरातली प्रत्येक बॅटरी उघडून बसणारी माझी ठिणगी मला त्या आवाजात शोधूनही सापडत नाही.

माझी खोड तुला ठाऊक आहे. मशीन, रेडिओ, तुझं दप्तर, सगळ्याला मी झाकण शिवायची. त्या काचांनाही जुन्या पडद्याचं शिवलं होतं, नाड्यांसकट. एवढी महागाची वस्तू, माझ्या लेकीनं आणलेली, उन्हानं खराब होईल म्हणून रोज सकाळी चढून झाकायची आणि ऊन उतरलं की काढायची. तू येणार कळलं की आधीच काढून काचा लख्ख पुसायची. मला वाटायचं, वीज खालच्या पेटीतच तयार होते. गेल्या महिन्यात कपाटातलं ते पुस्तक निघालं. बोट ठेवून वाचत सहाव्या पानावर आले: काचेवर सावली पडू देऊ नये. पुढचं वाचवेना. तुझं गणित बरोबर होतं, बाळा. हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेववलं नसतं, म्हणून महिनाभर अक्षर गिरवत बसले. एकदा ये. या वेळी शिडी तू धर, वर चढून काय चुकलं ते मी दाखवते.

शिडीपाशी वाट बघणारी,
तुझीच
आई