कडुबाची पाळी

गारखेडा, औरंगाबाद
१६ ऑगस्ट १९७८

ती. साळूआक्काला धाकट्या कारभारीचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे म्हणायचं. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून दंगल पेटल्यापासून कारखान्यात लई ओढाताण आहे. बॉयलरवर सर्टिफिकेटवालाच माणूस लागतो, नाहीतर जिवाशी खेळ. आम्ही असे तिघंच, आणि आपल्या गावचा कडुबा आलाच नाही. मी न् बद्रीनाथ पाळीवर पाळी करतोय. साहेब म्हणतात, शिकाऊ माणूस लावा. युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी नाही म्हणालो. मग त्यांनी बजावलं, सोमवारपर्यंत कडुबा आला नाही तर पटावरून नाव काढू. तू त्याच्या घरी जा. म्हणावं, माझ्याकडं राहा, पण ये. माझ्या भाकरीचे नकाशे होतात, तेवढं सोसावं लागेल त्याला.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.
तुझा कारभारी

निंबगव्हाण
२० ऑगस्ट

चि. कारभारीला आक्काचे आशीर्वाद.

तुझ्या भाकरीवर एरवी लई हसले असते. कडुबाचं घर राहिलं नाय रं. सारी दलित वस्ती गावानं जाळली. तो बायको-पोरांसंग पैठणला सासरी गेलाय. त्याची आई केसरबाई एकलीच जळक्या भिंतीपाशी बसली व्हती. तुझा निरोप सांगितला. ती म्हणली, युनियनचं एक माणूस विचारायला आलं नाय, आता काम अडलं तवा आठवण झाली व्हय? तुझे दाजी बी जाळणाऱ्या गर्दीत व्हते. नुसता उभा व्हतो म्हणतात. मी त्यांच्याशी बोलत नाय.

जिवाला जप, बहिणीवरली माया राहू दे.
आक्का

गारखेडा
३१ ऑगस्ट

ती. आक्काला सा. न.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, कडुबाची जागा राखा, तोवर एकच बॉयलर चालवू. थोडेच हात वर झाले. साहेबांनी पटावरून त्याचं नाव काढलं. पुढं सलग तिसऱ्या पाळीत बद्रीनाथचा डोळा लागला आणि वाफेनं उजवा हात भाजला. घाटी दवाखान्यात आहे.

मग मी पैठणला गेलो. साहेब आता त्याला परत घ्यायला तयार होते. कडुबानं सतरंजी टाकली, चहा दिला. बद्रीनाथचं ऐकून त्याचा स्वतःचा कप तसाच राहिला. परत चल म्हणालो, तर म्हणाला, भाऊ, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण पाळी सुटल्यावर मी घरी कुठं जाऊ? त्यानं ठाण्याला काम बघितलंय. युनियनचा अनुभवाचा दाखला तेवढा मागितला. तिथंच मांडीवर लिहिला: काम उत्तम, माणूस भरवशाचा. नोकरी सोडण्याच्या कारणापाशी माझा हात थांबला. त्यानंच सांगितलं, स्वखुशीनं लिहा, दुसरं काही लिहिलं तर तिथं कुणी ठेवणार नाही.

आक्का, मी स्वखुशीनं लिहिलं.

केसरबाईकडं जात राहा.
तुझा कारभारी