माझी जबरदस्त प्रतिकारशक्ती

१२ जून २००७
लग्नाला चार वर्षं झाली. आईनं आज पुन्हा नातवाचा विषय काढला. निर्णय: बायकोची, म्हणजे भावनाची, तपासणी करून प्रकरण महिन्यात क्लोज करायचं. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. दर्यापूर तालुक्यातल्या निम्म्या गाई माझ्या हातून गाभण राहिल्यात. हे शास्त्र मला कोणी शिकवू नये.

२३ जून, अकोला
डॉक्टर उज्मा मॅडमनी भावनाचे रिपोर्ट पाहिले. सगळं नॉर्मल. म्हणाल्या, आता तुमची तपासणी. मी म्हटलं, शेतकऱ्यांना वाटायच्या सरकारी पॅकेजच्या गाई आल्यात, वेळ नाही. परतताना भावना बसमध्ये वेगळ्या सीटवर जाऊन बसली. समजूतदार आहे.

५ जुलै
तपासणीसाठी नमुना दिला. केवळ भावनाचा गैरसमज दूर व्हावा म्हणून. दाराबाहेरून कंपाउंडर तीनदा ओरडला, "हुआ क्या साहब?" अशानं होतं का?

९ जुलै
संख्या नऊ कोटी! मॅडमना म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, संख्या आहे, पण शुक्राणू एकमेकांना चिकटून बसलेत. शरीरच त्यांना शत्रू समजून अँटीबॉडी सोडतं. "फौज तुमचीच, बेड्या घालणारेही तुमचेच." मग विचारलं, तिथं कधी मार लागला होता का? लागला होता. नववीत, कबड्डी, सेमीफायनल. ऑपरेशन झालं होतं. त्यातूनही असं होऊ शकतं म्हणे. उपाय आहेत.
निष्कर्ष: माझी प्रतिकारशक्ती जबरदस्त आहे. भावनाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग दर पंधरा दिवसाले सर्दी कावून होते?" नंतर म्हणाली, "आईले तुमीच सांगा. शकुनच्या डोहाळजेवणाच्या आत."
शकुन माझी बहीण. कार्यक्रम रविवारी. भरपूर वेळ आहे.

११ जुलै
आईचं डोकं दुखत होतं. सांगितलं नाही.

१३ जुलै
आईची डोकेदुखी थांबली. चांगला मूड कशाला घालवायचा?

१५ जुलै
भावना ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. आई बायांसमोर म्हणाली, "तू राहू दे. जिची कूस उजवली नाई, तिनं ओटी नाई भराची." भावनानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. खाकरलो. सगळ्या बाया बघत होत्या. विचारलं, बर्फ कमी पडतोय का? आणि आणायला गेलो.
परत आलो तेव्हा भावना पातूरला, माहेरी निघून गेली होती.

१६ जुलै
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अन् मी तिले चार वर्सं बोलून राहिलो! तुयी जीभ कुठं गेल्ती रे?" पिशवी भरली, पातूरला निघाली. मी म्हटलं, येतो. म्हणाली, "तू नको येऊ."

१७ जुलै
आईचा फोन. तिनं भावनाची माफी मागितली. पण भावना यायला तयार नाही, म्हणून आईही तिथंच राहिली आहे. हरकत नाही. दोघींना माझ्याशिवाय करमणार नाही. रविवारपर्यंत येतील.

२२ जुलै, रविवार
कोणी आलं नाही. उद्या पातूरला जातो. भावनाशी काय बोलायचं ते लिहायला बसलो. पहिलं वाक्य तयार आहे: चूक माझी झाली.
पुढचं सुचत नाही.